आठ घोडे आणि एक पाना

आंबेगाव तालुक्यात आंबेगाव सापडत नाही. ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते गाव बुडालं, कचेऱ्या घोडेगावात आहेत, बाजार मंचरला भरतो, आणि सातबाऱ्यावर नाव मात्र अजून बुडालेल्या गावाचंच लागतं. शेजारच्या जुन्नर तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे. डिंभे धरून कुकडी प्रकल्पाची ही पाच धरणं. समुद्राकडे सह्याद्रीची पाठ करून बसलेल्या या मुलखात माणसं पाण्याकडे गेली नाहीत, पाणीच माणसांकडे आलं. न बोलावता आलेला पाहुणा आधी ओसरीवर टेकतो, मग माजघरात शिरतो आणि शेवटी घरच्यांनाच विचारतो, ‘मग, तुम्ही कधी निघणार?’ धरणाचं पाणी तसंच आलं आणि तसंच राहिलं.

कोकणात नावाडी जन्माला येतो. आमच्याकडे तो प्रकल्पग्रस्त होऊन तयार होतो. काल ज्याच्या हातात नांगर होता त्यानं वल्हं धरलं, भातखाचर होतं त्या जागी जाळं टाकलं. डिंभ्याच्या जलाशयात विस्थापित आदिवासींनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिकही मिळालं. हे सगळं अभिमानानं सांगण्यासारखं आहे, पण वल्ह्यावर विनोदी लेख लिहिता येत नाही. कारण वल्हं चालतं. विनोदी लेखाला न चालणारी वस्तू लागते, आणि ती म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवायची जुनी मोटर.

अशी मोटर या भागात नवी कोणी घेत नाही. ती समुद्राकडून येते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून तिथं आहे. आता माल माळशेजनं येतो. नारायणगावचा टोमॅटो वाशीला उतरवून पिकअप रिकामे क्रेट घेऊन परततो आणि त्या क्रेटांच्या ढिगात कधीमधी एखादी म्हातारी जपानी मोटर आडवी होऊन येते. आठ हॉर्सपॉवरची. अंगावरचं नाव खाऱ्या पाण्यानं पुसलेलं, झाकणाचा रंग कोणता होता यावर दोन मतं, आणि एका बाजूला कुणीतरी ऑइलपेंटनं लिहिलेलं ‘आई एकवीरा प्रसन्न’. विकणाऱ्यानं सांगितलेलं असतं, “काही करायचं नाही. बसवायची आणि दोरी ओढायची.” तो खोटं बोललेला नसतो. बसवायची, आणि मग दोरी ओढतच राहायची.

आमच्या ओळखीतल्या एका होडीवाल्यानं अशी मोटर आणली, दोन हंगाम वापरली आणि मग ती गोठ्यात खताच्या गोणीखाली ठेवून दिली. तिथं तिच्यावर कोंबडी खुडूक बसायची. पुढं पलीकडच्या काठावरच्या नातेवाइकांकडे लग्न निघालं, आणि वल्हं मारत वऱ्हाड नेणं बरं दिसणार नाही म्हणून घरात ठराव झाला: मोटर चालू करायची.

डिंभ्याच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवण्यासाठी ते आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. त्यांच्या नावाच्या पाण्यावर परदेशी मोटर चालू व्हायला कांकूं करत असेल, तर तिला निदान संकोच तरी आहे असं म्हणावं लागेल. आपल्याला तोही नाही.

तर मोटर अंगणात आली. लाकडी घोडीवर चढवली. आणि बातमी फुटली.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जुन्नर-आंबेगावात इंजिनाचं ज्ञान कमी नाही, उलट जरा जास्तच आहे. द्राक्षबागेवर औषध मारायचा पंप, विहिरीवरचं डिझेल इंजिन, उसातला ट्रॅक्टर, गवत कापायचं मशीन, मळणीयंत्र. इथला माणूस रांगायला लागतो तो ग्रीसच्या डब्यापर्यंत. पण हे सगळं ज्ञान जमिनीवरचं. आणि जमिनीवरच्या इंजिनाचा सगळा धीर एकाच गोष्टीवर असतो: बंद पडलं तर उतरून ढकलता येतं. ट्रॅक्टर रात्री उतारावर लावून ठेवतात, जीप चार पोरांनी रेटली की निघते, मोटरसायकल दुसऱ्या गिअरला टाकून पळवली की घेते. धरणाच्या मध्यावर होडी बंद पडली तर उतरायचं कुठं आणि ढकलायचं कुणी, याचं उत्तर कुठल्याच गॅरेजात मिळत नाही. होडीच्या मोटरीवर जमिनीवरचे सगळे उपाय चालतात, फक्त शेवटचा चालत नाही. आणि आपला भरवसा तर शेवटच्याच उपायावर असतो.

होडीवाल्यानं पहिल्यांदा फोन केला तो वायरमनला, कारण त्याचाच नंबर पाठ होता.

“मोटर चालू व्हत न्हाय.”

“फेज गेला आसंल. आज थ्री फेज रात्री बाराला हाय.”

“आवो, होडीची मोटर.”

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग, “तिला कितीचा स्टार्टर बसवलाय?”

तरी तो आला. त्याच्या पाठोपाठ लुनावाले दाजी आले. लुना ही १९७२ साली पुण्यात कायनेटिकनं काढलेली टू-स्ट्रोक गाडी. दाजींकडची अजून चालते, आणि त्या एका गोष्टीच्या जोरावर जगातल्या कुठल्याही टू-स्ट्रोकबद्दल बोलायचा अधिकार त्यांनी घेऊन ठेवलाय. मग द्राक्षबागेत पाठीवरचा पेट्रोल पंप मारणारा भाचा आला. एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले आबा आले. त्यांचा सगळा जन्म डिझेलमध्ये गेला, त्यामुळे प्लग नावाची वस्तू त्यांना मुळातच चैनीची वाटते. आणि सगळ्यात शेवटी एक गृहस्थ आले, ज्यांना मोटरीबद्दल काही म्हणायचं नव्हतं. होडीवाल्यानं त्यांचा पाना मागच्या दिवाळीत नेला होता. ते तो परत घ्यायला आले होते.

“पाना तेवढा द्या. निघतो मी.”

“आवो, आता तर खोलायला घेतलीय. बसा की. पाच मिनिटं.”

ते बसले. पान्यावर नजर ठेवून बसले.

टू-स्ट्रोक इंजिनाला जगायला फार काही लागत नाही. पेट्रोल आणि हवेचं नेमकं मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. ही तीन मिळाली की ते चालतं, एखादं जरी गेलं की थांबतं. तेव्हा तिन्ही एकेक करून तपासायची, हे पुस्तकातलं उत्तर. प्रत्यक्षात तपासणी तिथूनच सुरू होते जिथलं आपल्याला येतं. वायरमन वायरीपाशी गेला, भाच्यानं कार्बोरेटर धरला, आबांनी सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबून होडीवाल्याला दोरी ओढायला लावली आणि अंगठा फट् आवाज करून उडाल्यावर समाधानानं सांगितलं, “जीव हाय अजून.” दाब आहे म्हणजे रिंगा शाबूत आहेत. तिघांतलं एक मिळालं. राहिली दोन.

घोडं पेंड खात होतं ते कार्बोरेटरमध्ये. दोन वर्षं साठून राहिलेलं पेट्रोल पेट्रोल राहत नाही. त्यातला हलका भाग उडून जातो आणि तळाला काकवीसारखा थर धरतो. त्या थरात सुईच्या टोकाएवढं भोक असलेला जेट बुजतो, आणि आठ घोड्यांचा सगळा खुराक याच भोकातून जायचा असतो. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलची खोड अशी की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. धरणाच्या काठावर, आषाढाच्या दमट हवेत, अर्धवट भरलेल्या टाकीत त्याची चंगळ होते. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलशी काडीमोड घेतं आणि पाण्याला सोबत घेऊन तळाशी जाऊन बसतं. टाकीतली नळीही तळातूनच ओढते. म्हणजे मोटरीला आधी पाणी मिळतं, पेट्रोल नंतर.

भाच्यानं बाटलीत काढून दाखवलं. खाली ढगाळ, वर पिवळं.

“हे बगा, पाणी.”

“पान्यात चालनारी मोटर,” दाजी म्हणाले, “थोडं पाणी पोटात जायाचंच.”

जेट साफ करायला बारीक तार लागते, पण ती जेटपेक्षा बारीक हवी. जाड तार घुसवली की भोक मोठं होतं आणि मोटर नंतर जन्मभर जास्त खाते आणि धूर सोडते. वायरमननं केबलमधला तांब्याचा एक धागा काढून दिला. आबांनी टाचणी सुचवली. कुणीतरी खराट्याची काडी आणून दिली. पाना परत घ्यायला आलेले गृहस्थ म्हणाले, “पान्याचं काम झालं का?” झालं नव्हतं. कार्बोरेटर परत बसवायला तोच लागणार होता.

आता पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, यावरून संध्याकाळ गेली. अशा लहान टू-स्ट्रोक मोटरीला वेगळं ऑइल पाजता येत नाही. ते पेट्रोलमधूनच जावं लागतं. कमी पडलं तर पिस्टन चिकटतो, जास्त झालं तर प्लग काजळतो. नव्या मोटरी पन्नासास एक मागतात, म्हणजे पाच लिटरला शंभर मिली. जुन्या मोटरी याच्या दुप्पट पितात. ही मोटर नवी म्हणायची की जुनी, हे कागदावरून ठरवता येईना कारण कागद नव्हता. दाजी लुनाच्या मापानं बोलत होते, भाचा पंपाच्या मापानं. शेवटी ‘थोडं जास्तच बरं’ या तत्त्वावर एकमत झालं. वरणात तेल घालताना आणि लग्नात आमंत्रणं देतानाही आपल्याकडे याच तत्त्वावर एकमत होतं.

माहितीपुस्तिका नाही म्हणून एका पोरानं मोबाईलवर व्हिडिओ लावला. केरळातला कुणी मिस्त्री अशीच मोटर खोलत होता. सगळं मल्याळममध्ये होतं, त्यामुळे त्यावर कुणी वाद घातला नाही. अर्धा तास सगळे गप्प बसून पाहत होते. त्या दिवसाचं सगळ्यात शिस्तीचं काम तेवढंच झालं.

ठिणगीचं प्रकरण वेगळं आहे. अशा मोटरीत बॅटरी नसते. वरच्या जड चाकात चुंबक असतं, दोरी ओढली की चाक फिरतं, चुंबक कॉइलसमोरून जातं आणि नेमक्या क्षणी पॉइंट उघडले की प्लगला करंट जातो. पॉइंटवर गंज बसला की तो क्षण येतो आणि जातो, कुणालाच कळत नाही. चाक काढून पॉइंटवर पॉलिश पेपर मारला, प्लग पेट्रोलमध्ये धुऊन तारेच्या ब्रशनं घासला. मग परीक्षा. प्लगला केबल लावायची, प्लगचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि दोरी ओढायची. निळी ठिणगी दिसली तर पास. उजेडात ठिणगी दिसत नाही म्हणून सगळे वाकून, डोकी एकत्र करून बघतात, आणि प्लग धरणाऱ्याचा हात कुठं आहे हे कुणी बघत नाही. वायरमनला झटका बसला. आयुष्य चारशे चाळीस व्होल्टात काढलेला माणूस, जपानी मोटरीनं त्याला उडवून दिला.

“हाय,” तो हात झटकत म्हणाला, “करंट हाय.”

खरं तर ही ठिणगी तपासायला याहून सोपा मार्ग जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या काही खोडदपासून बऱ्याच लांबवर पसरलेल्या. आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ संकेत ऐकायचे तर आजूबाजूला खडखडाट नको, आणि प्लगची ठिणगी म्हणजे रेडिओच्या कानाला खडखडाटच. म्हणून तर काही प्लगमध्ये हा आवाज दाबायला रोधक बसवतात आणि त्यांच्या नंबरात ‘आर’ अक्षर घालतात. २०२३च्या जानेवारीत बातमी आली की या दुर्बिणीनं ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संकेत पकडला. आमच्या मोटरीची ठिणगी त्यांना ऐकू गेली असती तर त्यांनी नक्कीच फोन करून कळवलं असतं, ‘चालू आहे, कृपया बंद करा.’ पण फोन आला नाही.

मग दोरी. या मोटरीचा सगळा इतिहास शेवटी दोरीपाशी येतो. १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकीला ओले एविनरूड नावाच्या माणसानं अशा मोटरी बनवून विकायला सुरुवात केली. त्याची गोष्ट अशी सांगतात की भर उन्हात तळ्यापलीकडून वल्हं मारत आईस्क्रीम आणताना ते वाटेतच वितळलं, आणि ज्या मुलीसाठी आणलं तिच्यापुढं फजिती झाली म्हणून त्याला मोटरीची कल्पना सुचली. त्याच्या नावाच्या मोटरी एकशे दहा वर्षं निघाल्या. २०२० साली त्या बंद झाल्या. एविनरूडनं आईस्क्रीम वाचवलं, पण दोरी ओढणाऱ्या माणसाच्या खांद्याचं काय, याचं उत्तर त्यानं दिलं नाही.

दोरी ओढण्यात गावाचा स्वभाव दिसतो. होडीवाला हळूच ओढतो, कारण दोरी तुटेल ही भीती. भाचा जोरात ओढतो, कारण दोरी त्याची नव्हे. दाजी आधी चोक ओढायला सांगतात, मग बंद करायला सांगतात, मग म्हणतात, “आता वव्हर झाली. थांबा जरा.” ओव्हर झाली म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झालं, प्लग भिजला. मग प्लग काढा, पुसा, वाळवा, पुन्हा लावा. त्यासाठी पाना.

“पाना द्या बरं जरा.”

“माझा पाना हाय त्यो,” गृहस्थ म्हणाले, पण दिला.

याच जुन्नर तालुक्यात आळे गावी, ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले म्हणतात, त्या रेड्याची समाधी आहे. रेड्याला वेद म्हणायला लावणं जर एके काळी जमलं, तर मोटरीच्या तोंडून एक साधं ‘भुर्र’ निघायला हरकत नव्हती. अंधार पडता पडता ते निघालं. म्हणजे ‘भुर्र’ नव्हे. ‘खर्र… खर्र… खक्’ असं. आमच्या भागात उसाच्या कडेला, तिन्हीसांजेला असा आवाज आला की माणूस आधी मोटरीचा विचार करत नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. शेजारच्या घरातून “पोरं आत घ्या गं” अशी हाक आली, दोन दारं लागली, एक थाळी वाजली. मोटर घाबरून बंद पडली.

दुसऱ्या दिवशी तिला पाण्यात उभी करायची ठरली. होडीच्या मोटरीला आपलं पाणी नसतं. ती ज्यात चालते तेच पाणी ओढून स्वतःला थंड करते. खालच्या भागात रबराच्या पाकळ्यांचं एक छोटं चाक असतं, ते पाणी वर ढकलतं आणि मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार बाहेर पडते. ती धार दिसली की समजायचं, मोटर थंड आहे. मिस्त्री लोक त्या धारेला जे म्हणतात ते इथं छापता येत नाही, पण म्हाताऱ्या माणसांनी त्या धारेची चौकशी ज्या आपुलकीनं केली ती ऐकण्यासारखी होती. कोरड्यावर चालवली तर ते रबर बघता बघता जळतं. शिवाय ही मोटर खाऱ्या पाण्यातली, आत मिठाचे खडे. म्हणून मोटर टिपाडात उभी करायची, टिपाड पाण्यानं भरायचं आणि मोटर न्यूट्रलला ठेवून चालू करायची.

न्यूट्रलला ठेवायची हे वाक्य होडीवाल्यानं सगळ्यांना सांगितलं. आबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांच्या काळी गाडी चालू झाली की गिअर टाकायचा, ही सवय. मोटरीनं पहिल्यांदाच नीट हुंकार भरला आणि आबांनी दांडा पुढं ढकलला. दोनशे लिटरचं टिपाड एका क्षणात अर्धं झालं. बाकीचं अर्धं पाणी आम्हा सगळ्यांवर होतं. पण मोटर चालू होती! धूर होता, आवाज होता, भोकातून धारही होती. वायरमननं भिजलेल्या शर्टानं हात पुसले आणि जाहीर केलं, “झाली.”

एक मिनिटभर ती चालली. मग आवाज बारीक झाला, रडका झाला आणि बंद. पुन्हा ओढली, पुन्हा मिनिटभर, पुन्हा बंद. आता ज्ञानाचा खरा पूर आला. कॉइल गरम होते. नाही, फ्लोट अडकतो. नाही, कंडेन्सर गेला. नाही, ऑइल कमी. नाही, ऑइल जास्त. नाही, नवीन पेट्रोलच खराब. पुन्हा कार्बोरेटर खोलायची तयारी झाली. पाना शोधायला लागले.

पान्याचे मालक टिपाडाच्या मागं उकिडवे बसले होते. दोन दिवस त्यांनी मोटरीकडे बघितलंच नव्हतं. त्यांनी फक्त पान्याकडे बघितलं होतं: तो कुणाच्या हातात आहे, कुठं ठेवला, कुणी कशाखाली सरकवला. इतरांना मोटर येत होती, म्हणून ते मोटर बघत नव्हते. यांना ती येत नव्हती, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या वस्तू यांना दिसत होत्या. पाना या वेळी पेट्रोलच्या प्लास्टिकच्या टाकीवर पडला होता.

ते म्हणाले, “ही टाकी आत का चेपलीय?”

सगळ्यांनी पाहिलं. टाकी पोट आत घेऊन बसली होती. झाकणावर हवा जाण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो, वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि चालवताना उघडतात. तो घट्ट बंद होता. मोटर पेट्रोल ओढत होती, आत हवा येत नव्हती, मिनिटभरात टाकी आतून आवळली जायची आणि पेट्रोल येणं थांबायचं. गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गटगट करतं आणि अडतं. दुसरं भोक पाडायचं असतं हे तिथल्या प्रत्येकाच्या घरात माहीत होतं. पण तो डबा स्वयंपाकघरातला, आणि ही मोटर जपानची.

स्क्रू बोटानं फिरवला. त्याला पानासुद्धा लागला नाही. टाकी ‘टप्प’ करून पुन्हा गोल झाली आणि मोटर चालू राहिली.

यानंतर कुणीही असं म्हटलं नाही की आपलं निदान चुकलं. सगळ्यांचं मत असं पडलं की आधी एवढी सगळी कामं झाली होती म्हणूनच शेवटी तेवढ्या स्क्रूनं भागलं. यात तथ्य होतं, हेच तर वाईट. जेट साफ केलाच होता, पॉइंट घासलेच होते, टाकीतलं पाणी काढलंच होतं.

राहिली खिळ्याची गोष्ट. जुन्या लहान मोटरींच्या पंख्यात पितळेची एक छोटी पिन असते. पंखा दगडावर किंवा बुंध्यावर आपटला की ती तुटते आणि आतले गिअर वाचतात. तिचं कामच तुटण्याचं आहे. डिंभ्याच्या पाण्यात तुटायला कारणं भरपूर: पाणी उतरलं की जुन्या आंबेगावच्या भिंती, चौथरे आणि झाडांचे बुंधे पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर उभे असतात. कुणाची तरी ओसरी आज पंखा तोडते. मागच्या मालकानं वारंवार तुटणाऱ्या पिनेला वैतागून तिथं लोखंडी खिळा ठोकला होता. खिळा तुटत नाही, मग गिअर तुटतात. आबांनी खिळा काढला आणि पितळेची सळई कापून पिन केली. चाळीस वर्षांच्या नोकरीत जे शिकलो ते एका वाक्यात सांगतो म्हणाले: “तुटायचा माल सस्ता असावा.” सगळ्यांनी मान हलवली. त्या दोन दिवसांतलं एवढं एकच वाक्य वादाशिवाय मंजूर झालं.

मोटर होडीला लावायला काठावर नेली. काठ होता. होडी होती. पाणी मात्र खाली गेलं होतं.

उन्हाळी आवर्तन सुटलं होतं. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली आणि डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्यानं येडगावकडे निघालं, येडगावातून पुढं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, थेट करमाळ्यापर्यंत. होडी भेगाळलेल्या गाळावर तिरकी पडली होती. पाण्यापर्यंत जायला अर्धा मैल चिखल. त्या चिखलातून आठ हॉर्सपॉवरची मोटर खांद्यावर नेणं म्हणजे वऱ्हाडालाच मोटर व्हावं लागलं असतं. शेवटी पाणी आटल्यानं उघडा पडलेला जुना रस्ता धरून, वळसा मारून वऱ्हाड पिकअपमध्ये गेलं.

पण पाणी वाया गेलं असं म्हणता येणार नाही. कालव्याचं पाणी उसाला गेलं. ऊस कारखान्यात जातो, तिथं त्याची साखर होते आणि मळीपासून, रसापासून इथेनॉल. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं, पेट्रोल मंचरच्या पंपावर येतं आणि तिथून पाच लिटरच्या कॅनमधून मोटरीच्या टाकीत. टाकीत बसून ते पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे धरणाचं पाणी शेवटी मोटरीपर्यंत पोहोचतंच. फक्त बाहेरून यायचं ते आतून येतं.

हे टाळायचं तर हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवायचं. केरळच्या व्हिडिओतल्या मिस्त्रीनंही शेवटी तेच केलं होतं. ते कळायला मल्याळम यावं लागत नव्हतं. होडीवाल्यानं टाकी हलवून पाहिली. दोन-अडीच लिटर असेल. शंभराच्या वरचं पेट्रोल ओतून टाकायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं झाकण घट्ट लावलं, झाकणावरचा स्क्रूही घट्ट केला, मोटर गोठ्यात ठेवली आणि वर खताची गोणी टाकली. कोंबडी बाजूला उभी राहून वाट बघत होती.

मग त्यानं पाना पुसला आणि मालकाच्या पुढं धरला.

पान्याच्या मालकांनी गोणीकडे पाहिलं, स्क्रू घट्ट केलेल्या टाकीकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

“राहू द्या हितंच,” ते म्हणाले. “आगोठीला लागंलच.”